सरकलेला काटा

आधी काचेवर हलकी फुंकर, मग सदऱ्याच्या बाहीने पुसणं, आणि मग, "काटा खोटं बोलत नाय, भाऊ."

खिशात होकायंत्र घेऊन हिंडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत एक होते. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, बोटीवरून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो. बोटीवर ते स्वयंपाकी होते, हे स्वतःच हसत सांगायचे. पण कप्तान म्हटलं की ओ द्यायचे.

बिल्डिंग नवी. कुणाला देवघराची दिशा हवी असे, कुणाला किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा. कप्तान सगळ्यांकडे जात आणि चहा प्यायल्याशिवाय दिशा सांगत नसत.

त्या पावसाळ्यात गुरू ग्रहावर धूमकेतूचे तुकडे आदळले. कप्तानांची घरचं कार्य असल्यासारखी धावपळ. पृथ्वीचं चुंबकही जागा बदलत असतं, हेही त्यांनी कुठेतरी वाचलेलं. मला जिन्यात गाठून म्हणाले, "वर येवढी उलथापालथ, मग आपली पृथ्वी काय गप बसंल?"

त्याच आठवड्यात त्यांनी तळमजल्यावरच्या खालांकडे, म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या मावशीकडे, होकायंत्र ठेवलं. खाला अंथरुणाला खिळलेल्या, पलंगावरूनच नमाज पढायच्या. तोंड किब्ल्याकडे होईल असा पलंग कप्तानांनीच पूर्वी लावून दिला होता. आता काटा चांगलाच बाजूला गेला होता.

"बगा, सरकलं!" कप्तानांचा चेहरा नुसता फुलला.

"मग माजी नमाज?" खाला घाबरल्या.

"टेन्शन नको, खाला. मी हाय ना."

आम्ही दोघांनी पलंग फिरवला. शेजारी नवंकोरं लोखंडी कपाट होतं, नुकतंच आणलेलं. त्याला ओरखडा पडू नये म्हणून मी जपत होतो. डोक्यात दुसरं काही आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास खाला गेल्या. कब्रस्तानात त्यांची कबर बाकीच्या कबरींच्याच दिशेने खणलेली पाहून कप्तान पुढे झाले. "दिशा बदललीय," म्हणत त्यांनी मोकळ्या मातीवर होकायंत्र ठेवलं. काटा जुन्याच जागी होता, कबरींच्या रांगेशी जुळणारा. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"कपाट," ते मला म्हणाले. "लोखंडानं खेचला काटा. मला कसं नाय कळलं?"

खालांच्या मुलाने समजूत घातली, "चाचा, अल्ला नियत बघतो."

"तिची बघंल, बेटा. माजी? काटा हलला तवा मी खूश झालो. मला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं."

मला त्यांची फार कणव आली, आणि माझीही लाज वाटली.

महिन्याभरात घर विकून ते गावी गेले, ते परत आले नाहीत. जायच्या दिवशी मला घेऊन खालांच्या खोलीत शिरले.

"राहू द्या चाचा," मुलगा म्हणाला, "उद्या देऊन टाकायचाय तो पलंग."

कप्तानांनी ऐकलं नाही. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाले. दम खात, थांबत थांबत, एकट्यानेच त्यांनी तो रिकामा पलंग किब्ल्याकडे वळवला.