दुसरं पातं

अख्ख्या धुळ्यात स्पिंडलची पाती माझ्याइतक्या लवकर कोणी बदलत नाही. बाकीचे लोक ती आवळतात, म्हणून त्यांना वेळ लागतो.

स्पिंडल म्हणजे दाराच्या चौकटीला गोलाई काढायचं मशीन. टेबलाच्या मधोमध एक दांडा उभा, त्यावर मुठीएवढं लोखंडी डोकं, आणि ते असं फिरतं की दिसतच नाही. डोक्याला समोरासमोर दोन खाचा. खाचेत पातं ठेवायचं, पाचर सारायची, स्क्रू आवळायचे. नक्षी बदलायची तर डोकं तेच, फक्त पाती बदलायची. माझ्या डोक्याला ही सोय नाही असं बायको म्हणते, पण तो विषय वेगळा. पातं ढिलं राहिलं तर ते सुटतं, आणि कुठं जाणार ते आधी सांगत नाही. आमच्या पत्र्याला एक भोक आहे, दुपारी त्यातून ऊन येतं. ते पातं कोणी बांधलं होतं ते विचारू नका.

कारखाना माझ्या शालकाचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. तिथं एक रीत आहे. ज्यानं पाती बांधली, त्यानंच पहिलं बटण दाबायचं. चुकलं तर ज्याचं त्याला.

त्या दिवशी जळगावला माझ्या मावसबहिणीच्या पोरीचा साखरपुडा होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून पाती बांधतोय, आणि बायको बाहेर रिक्षात बसून हाका मारतेय. मी शालकाला म्हटलं, "झालं, लाव तू," आणि पळालो. बटण काही दाबलं नाही.

एस्टी शहराच्या बाहेर पडली. कंडक्टर आला. माझं पूर्ण, बायकोचं अर्धं. मी खिशात हात घातला, मूठ भरून जे निघालं ते त्याच्या हातावर ठेवलं.

"दादा, स्कॅनर चालतो," कंडक्टर म्हणाला. "हे नाही चालत."

त्याच्या हातात डोक्याचे स्क्रू आवळायची चावी होती.

माझी पद्धत अशी, की काम चालू असेपर्यंत चावी स्क्रूतच ठेवायची, आणि सगळं आवळून झालं की खिळ्याला टांगायची. स्क्रूत म्हणजे राहिलं, खिळ्याला म्हणजे झालं. खिशात म्हणजे काय, हे मी ठरवलेलंच नव्हतं.

पहिलं पातं आवळल्याचं मला आठवत होतं. मनगटाला जोर लागला होता. दुसऱ्याचं आठवायला गेलो की नुसती रिक्षा आठवायची.

शालकाला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. म्हणजे मशीन चालू, ऐकू येत नाही. नाहीतर दुसरं काहीतरी. परत लावला. मग मनात आलं, ह्यानं एका हातात फोन घेतला आणि दुसऱ्या हातानं लाकूड दाबलं तर? फोन बंद केला. बंद केल्यावर तर जास्तच भीती वाटायला लागली. त्याची दोन पोरं डोळ्यापुढं उभी राहिली.

"कोनले फोन लावी राहिनात?" बायकोनं विचारलं.

"कोणालाच नाही."

"मंग कानले काबर लायेल शे?"

फागणं गाव आलं तसा मी उठलो आणि घंटी वाजवली. खाली उतरल्यावर तिला सांगितलं, तुझ्या भावाकडं पातं ढिलं राहिलंय बहुतेक. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. परतीच्या रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं मला लग्नापासून परवडत नाही.

कारखान्याचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू आला. चालू होतं. म्हणजे तो अजून उभा होता. पण आता काय? हाक मारली तर दचकेल, आणि हात जाईल. एकदम मेन पाडला तर फिरतं डोकं लाकडात अडकून लाकूड मागं फेकेल. मी दाराबाहेरच्या मेनच्या खटक्याला धरून कान दिला. लाकूड आत असलं की आवाज जड होतो, बाहेर आलं की हलका. जड. अजून जड. बायको माझ्या दंडाचं मांस धरून उभी. आवाज हलका झाला आणि मी खटका खाली ओढला.

शालक भुशानं पांढरा होऊन बाहेर आला. "लाईट गई का? तुम्ही आठे कसा, दाजी?"

मी तसाच आत पळालो. डोकं थांबेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. थांबलं तशी चावी लावली. पहिलं पातं घट्ट. दुसरं पातं, तेही घट्ट! एक स्क्रू हलेल तर शपथ. माझ्या अंगात एकदम दहा माणसांचं बळ आलं.

"बघ!" मी बायकोला म्हटलं. "मी आवळलंच होतं! उगाच माझ्या नावानं..."

"ढिलंच व्हतं ते, दाजी," शालक हळूच म्हणाला. "मी आवळेल शे. मनाकडे दुसरी चावी शे."

"आज बरं तपासलंस तू."

"आज नही. तुम्हनं बांधेल डोकं मी रोजच तपासस."

इतकी वर्षं तो "दाजी, तुमचा हात लागला म्हणजे बघायला नको," असं गिऱ्हाइकांपुढं म्हणायचा, आणि मी मिशीवर हात फिरवायचो. मी खाली बसून उगाच भुसा गोळा करायला लागलो.

बायकोनं पदरानं भावाचं तोंड पुसलं. मग माझ्याकडं एकदा बघून त्याला विचारलं, "मंग यास्ले ठेवेल कशाले शे?"

"फळ्या उचलाले माणूस लागस ना, अक्का."