वेशीवरचा तुर्क

माझं लग्न जमलं ते दुसऱ्या महायुद्धात, पण जमलं पहिल्या महायुद्धामुळे.

माझे काका त्या पहिल्या लढाईत तुर्कांशी लढायला इराकातल्या बसऱ्याकडे जाऊन आलेले. परतल्यावर आमच्या उंद्रीतल्या लोकांना बसरा काय कळणार, म्हणून त्यांनी लढाई गावावरच मांडून दाखवली. नाला म्हणजे नदी, दर्ग्याजवळची चिंच म्हणजे साहेबाचा तंबू आणि गावची वेस म्हणजे तुर्कांचा किल्ला. वेशीला लागून पिंजारी चाचांचं घर. काकांनी खूण केली की चाचा कापूस बाजूला सारून पिंजणाची ताणलेली तात नुसतीच छेडत. तो आवाज म्हणजे मशीनगन. पुढे पुढे तर गावात कुणाकडेही पाहुणा आला की चहानंतर त्याला लढाई दाखवायचीच, अशी रीत पडली. पाहुणा काकांच्या बाजूनं लढे, यजमानाच्या घरचं कुणीतरी वेशीवर तुर्क होऊन उभं राही आणि पहिल्या आरोळीला हात वर करी.

दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा माझं वय तिशीकडे झुकलेलं. मुलींच्या बापांना आमची शेती पसंत पडे. मग ते माझ्याकडे बघत.

मलकापूरकडचे एक पाहुणे, मुलीचे वडील, घर पाहायला येणार ठरलं, तेव्हा वडिलांनी काकांना बजावलं, "आज बसरा बंद ठेव. हे ठिकाण हातचं गेलं तं पोरगा तसाच राहीन."

"हाव दादा. मी तोंडच उघडत नाही."

साखर रेशनवर होती, म्हणून चहा गुळाचा. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली आणि सहज म्हणाले, "फौजेत होतो तवा बसऱ्याले असाच चहा भेटे आमाले."

काकांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

थोड्याच वेळात मी नव्या कोटात वेशीवर चढलेला होतो. खालून वडील दबक्या आवाजात म्हणाले, "आरोळी आली का हात वर कर. दुसरं काहीच करू नको."

तिकडे चिंचेखाली पाहुण्यांचा काकांशी वाद सुरू झाला होता.

"साहेबाचा तंबू इतका पुढं? साहेब कधी इतका पुढं राह्यला काय?"

"चिंच मागं सरकवता येत नाही ना भाऊ."

चाचांनी तात छेडली आणि दोन्ही शिपाई, जुन्या सवयीनं, धाडकन नाल्यात आडवे झाले. नाल्यात पाणी नव्हतं. म्हशींनी लोळून केलेला चिखल होता. पाहुण्यांचं धोतर त्या दिवशी परीटघडीचं. त्यांचा फेटा गडगडत एका म्हशीपुढे गेला आणि तिनं तो हुंगून नाकारला.

आरोळी आली. मी हात वर करायचे, तर ते पोटावर दाबून धरलेले. मी हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वडील होते तिथंच मटकन खाली बसले.

पाहुणे सावकाश उठले. "काऊन हासला?"

उत्तराची वाट न पाहता ते काकांकडे वळले. "भाऊ, खरं सांगा. आपून असं पडलो का तिकडचा तुर्क बी हासे का नाही?"

काकांनी मिशीतला चिखल पुसला. इतक्या वर्षांत त्यांच्या लढाईत तुर्क कधी हसला नव्हता. फक्त शरण येई. सगळं गाव ऐकत होतं.

"हासे," काका म्हणाले. "माह्यावर तं लय हासे."

पाहुणे पुन्हा त्याच चिखलात बसले, या वेळी हसत. काकाही बसले. मी आता कुठे हात वर केले.

"आता काय फायदा बे," काका म्हणाले.

वडिलांनी बसल्या जागेवरून विचारलं, "मंग पोरगा पसंत समजू का?"

"भाऊ, घरात आमच्या मीच एकटा हासतो. मले सोबत पायजे."

वडिलांचं धोतर पाहुण्यांना घोट्याच्या बरंच वर येत होतं. ते नेसूनच त्यांनी सुपारी फोडली.