दोन पाळ्यांचा एक धोटा

माझ्या मुलाचं नाक बाराही महिने वाहायचं. त्याला आजार म्हणायची कुणाची रीत नव्हती. पदराने पुसायचं आणि कामाला लागायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या नाकापासून सुरू झालं आणि ते माझ्या डोक्यात शिरायला फार उशीर लागला.

साल चौऱ्याण्णव. आम्ही सुरतेत पर्वत पाटियाजवळ पत्र्याच्या खोल्यांच्या एका रांगेत राहायचो. रांगेतली बहुतेक घरं खान्देशातली आणि पुरुष सगळे लूमच्या खात्यात. खातं म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. माझा नवरा दिवसपाळीला, आणि त्याच मागांवर रातपाळीला त्याचा जोडीदार. हा जोडीदार आमच्या शेजारच्या गावचा, नवऱ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. बायको-मुलं गावी, स्वतः समोरच्या खोलीत एकटा. जेवायला मात्र आमच्याकडे. सकाळी पाळी सुटली की अंघोळ करून यायचा, उंबऱ्याच्या आत पाय दुमडून बसायचा आणि भाकरीबरोबर हटकून ठेचा मागायचा. मला वहिनी म्हणायचा. मी बोलायला लागले की हसायचा. मी तोंडाळ होते. अजूनही आहे.

त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, लाकडाचा, होडीच्या आकाराचा. त्याच्या पोटात दोऱ्याची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी शेठने तारेचे आकडे आणून दिले होते. ते खिळ्याला टांगलेलेच असत. आकड्याने वेळ जातो, तेवढ्यात दुसरा माग बंद पडतो. म्हणून सगळेच भोकाला ओठ लावत आणि श्वास आत ओढत, की दोरा तोंडात. एका पाळीत असं किती वेळा, ते कोण मोजतो. दिवसभर माझ्या नवऱ्याच्या ओठांतले धोटे संध्याकाळी जोडीदाराच्या ओठांत जात, आणि सकाळी परत नवऱ्याच्या. मी चिडवायचे, "माझ्यापेक्षा त्याचंच उष्टं तुम्हाला जास्त मिळतं." दोघंही हसत.

गणपती विसर्जन झालं त्या आठवड्यात मुलाला जरा जास्तच सर्दी झाली. मग दोन दिवस मला शिंका आणि डोकेदुखी. मग नवऱ्याला खोकला आणि कणकण. मग जोडीदाराला. त्याचा ताप सगळ्यांत जास्त, कारण दिवसा पत्र्याखाली त्याला झोप मिळत नसे. आज मी हे असं ओळीने लिहिते आहे. तेव्हा कुणी ओळ लावली नव्हती.

तेवढ्यात शहरात प्लेग आल्याचं उठलं. एका दुपारी बातमी आली आणि संध्याकाळी रांगेतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं. लोक पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन स्टेशनकडे निघाले. जो दिसेल त्याच्या तोंडाला रुमाल. आमच्या गल्लीतला डॉक्टर दार ओढून कुठे गेला ते कळलं नाही. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल कुठे मिळतात एवढंच सगळे एकमेकांना विचारत होते, आणि ज्याला मिळाल्या तो सांगत नव्हता. खातं बंद पडलं. मागांचा आवाज थांबला तसं मला घरात बसवेना. इतकी वर्षं त्या खडखडाटाला शिव्या घातल्या होत्या, आणि आता शांततेत नवऱ्याचा प्रत्येक खोकला भिंतीपलीकडे ऐकू जात होता.

मी म्हटलं, गावाला जाऊ. नवरा म्हणाला, "असा खोकत गाडीत बसलो तर लोक नंदुरबारच्या आधीच खाली ढकलून देतील." बोलणं खरं होतं. मग मी दिवसातून चारदा झाडू मारायचे. पेटी भरायचे, रिकामी करायचे, परत भरायचे. मुलाला नवऱ्यापासून लांब ठेवायचे आणि पाच मिनिटांनी तोच त्याच्या मांडीवर जाऊन बसलेला असायचा. नवऱ्याच्या काखेत आणि जांघेत गाठ आली का ते चाचपून बघायचे. तो वैतागायचा. मी त्याच्यावर ओरडायचे आणि मग मोरीत जाऊन रडायचे. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, की हा मरेल, मग मूल मरेल आणि मी एकटी उरेन.

आणि त्या भीतीत मी ठरवून टाकलं की हे जोडीदाराने आणलं. रातभर बाहेर असतो, चहाच्या टपरीवर शंभर जणांत बसतो, त्याचाच खोकला मोठा, त्यालाच ताप जास्त. त्याच्या तोंडातला धोटा माझ्या नवऱ्याने तोंडात घेतला, झालं. हाच धोटा उलट्या दिशेनेही जातो हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी त्याचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवायला लागले. तो ताट उचलून समोर न्यायचा, धुऊन परत आणून ठेवायचा. एकदा लांबूनच आमच्या अहिराणीत म्हणाला, "सर्दी शे, वहिनी. साधी सर्दी शे." मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीची माणसं आली. तिघं होती, तोंडं बांधलेली. रांगेच्या टोकापासून एकेक दार वाजवत, एकच प्रश्न विचारत येत होती, "घरमां कोई बीमार छे? ताव, उधरस?" म्हणजे ताप, खोकला. मी नवऱ्याला मोरीत ढकललं, हातात टॉवेल दिला आणि सांगितलं, तोंडात कोंबा. दार उघडलं. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी नाही. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, समोरच्या खोलीकडे बोट केलं. "त्याला आहे. चार दिवस खोकतोय. त्याला घेऊन जा."

ते त्याला गाडीतून घेऊन गेले. तो खांद्यावर चादर टाकून बाहेर आला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. माझ्याकडे बघितलं नाही. नवरा मोरीतून बाहेर आला तेव्हा गाडी गेली होती. टॉवेल त्याच्या हातातच होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो फक्त म्हणाला, "त्याच्याआधी मी खोकत होतो." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून पडला.

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. त्याच्याआधी हा. याच्याआधी मी. माझ्याआधी कोण? मूल समोर बसून भाकरीचा तुकडा चघळत होतं आणि नाकाचा शेंबूड ओठावर आला होता. मी पदर उचलला पुसायला आणि हात तिथेच थांबला.

दोन दिवसांनी नवऱ्याचा खोकला उतरला. औषध नाही, कॅप्सूल नाही, नुसतं हळद-दूध. मला तर कधीच बरं वाटलं होतं. प्लेग असा हळद-दुधाने जात नाही, एवढं मला कळत होतं. म्हणजे आमच्या घरात सर्दी होती, आणि सर्दीच्या माणसाला मी प्लेगच्या वॉर्डात पाठवलं होतं. तिथे खरे रोगी होते. त्याला जे नव्हतं, ते आता तिथे होऊ शकत होतं. हे कळल्यावर मी घरात थांबू शकले नाही. मुलाला नवऱ्याकडे दिलं आणि चालत सरकारी दवाखान्यात गेले. रिक्षाच नव्हती.

फाटकावर आत सोडत नव्हते. दोन तास उभी राहिले. शेवटी पाणी प्यायला बाहेर आलेल्या एका नर्सबाईला गाठलं. ती मराठी निघाली. मी माणसाचं वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "बाई, आत कितीतरी जण नुसत्या सर्दी-खोकल्याचे आहेत. पावसाळा सरताना दरवर्षी ही सर्दी असतेच. पण या दिवसांत खोकल्याला खोकला म्हणायची हिंमत कोण करणार? तपासून सोडतील." मी विचारलं, तोवर तो त्यांच्यातच राहणार का? तिने रुमाल वर ओढला आणि आत गेली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. समोरच्या कुलपाकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि दर घटकेला बघायचे. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलत होता. जोडीदाराच्या बायकोला गावी काय कळवायचं, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. भाकऱ्या मात्र माझ्याकडून रोज दोन जास्तच थापल्या जात.

एका सकाळी कुलूप निघालं. तो आला होता. दाढी वाढलेली, चादर तीच, बाकी धडधाकट. मी धावत बाहेर गेले आणि एकदम म्हणून टाकलं, "भाऊ, मीच बोट दाखवलं होतं."

"माले आयकू उनं व्हतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

नवरा दारात येऊन उभा राहिला. जोडीदार त्याच्याकडे बघून सांगू लागला. दवाखान्यात पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, खात्यात तुझ्याबरोबर कोण काम करतं, कोण खोकतं, त्यांनाही आणायला हवं. "मी सांगं, जोडीदार गावले गया. आठ दिन व्हयनात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरगा बरा शे ना?"

मी आत पळाले. चूल पेटवली, ठेचा वाटला, ताट वाढलं, उंबऱ्याच्या आत त्याच्या जागेवर ठेवलं आणि हाक मारली. तो म्हणाला, भूक नाही.

महिन्याभरात खातं सुरू झालं. शेठने आकडे पुन्हा मोजून दिले आणि ते पुन्हा खिळ्याला गेले. मी एकदा नवऱ्याचा डबा द्यायला पाळी बदलायच्या वेळी गेले होते. नवऱ्याने हातातला धोटा सदऱ्याला पुसला आणि जोडीदाराला दिला. त्याने नवी कांडी घातली आणि न बघता ओठांना लावला. दोघं पुढे सात वर्षं त्याच मागांवर होते.

पण जोडीदाराने रांगेच्या टोकाच्या एका म्हातारीकडे जेवण लावलं. माझ्या मुलाला तो खांद्यावर घेऊन फिरायचा, स्वतःच्या रुमालाने त्याचं नाक पुसायचा, दिवाळीला गावाहून माझ्यासाठी लाल मिरच्या आणायचा. मला वहिनीच म्हणायचा. माझ्या हातचं मात्र तो पुन्हा कधी जेवला नाही.