पाण्याची बायको

पाण्यात पाय घालण्याआधी ती सलाम करायची. हळू आवाजात, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा.

साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायची आणि खडा विरघळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

तुतीचे डाग पडलेले कपडे नहरीच्या तोंडाशी धुवायची नाही. ते खाली, बागांच्या पलीकडे.

दर गुरुवारी केसांना मेंदी लावायची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही.

घराचं दार कधी पूर्ण लावायची नाही. विचारलं तर म्हणायची, आवाज यायला जागा ठेवावी.

नळाच्या पाण्याला ती उपरं म्हणायची. पाहुण्याला द्यायची, स्वतः प्यायची नाही.

ताऊस खाला, सगळ्या गावाची मावशी, मागच्या मंगळवारी गेली. आज नववा दिवस. मी हे लिहायला बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नाही.

आमच्या चनारदरेचं पाणी पुरुष आहे. हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. बायकी पाणी मऊ असतं, संथ येतं. आमचं जड आहे. डोंगराच्या पोटातल्या नहरीतून येतं, तोंडाशी आदळतं, हाताची कातडी खरखरीत करतं. एकट्या पुरुषासारखं मनात आलं की रुसतंही. बेचाळीस वर्षांपूर्वी ते असंच रुसलं. दोन उन्हाळ्यांत निम्म्यावर आलं. तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं की त्याचं लग्न लावायचं.

ताऊस तेव्हा छत्तीस वर्षांची विधवा होती. तिचा नवरा, कंबर नावाचा, अक्रोड झोडताना झाडावरून पडून गेला होता. तिला विचारलं. अटी अशा की पुन्हा कुठल्या पुरुषाशी लग्न करायचं नाही आणि आठवड्यातून एकदा, हिवाळ्यातसुद्धा, त्या पाण्यात अंघोळ करायची. गाव तिला दरवर्षी गहू देईल. तिने एक रात्र मागून घेतली आणि सकाळी हो म्हणाली.

"कंबर फार बोलायचा," ती मला एकदा म्हणाली. "हाही बोलतोच. पण हा उलट बोलत नाही."

लग्नाच्या दिवशी तिला नहरीच्या तोंडापासून थेट वर, आई-विहिरीपर्यंत चालवत नेलं. नहर जमिनीखालून येते. तिच्यावर ठरावीक अंतराने हवेसाठी विहिरी खोदलेल्या असतात. त्या दिवशी प्रत्येक विहिरीपाशी तिला थांबवलं आणि साखरेचा खडा आत टाकायला लावला. खडा पाण्यात पडल्याचा आवाज तिने ऐकायचा, मगच पुढे. एकेचाळीस विहिरी. शेवटची आई-विहीर. पाणी तिथे डोंगरातून गोळा होतं. लग्नानंतरच्या वसंतात पाणी वाढलं. बर्फ जास्त पडलं होतं म्हणून वाढलं, असं माझे वडील म्हणायचे. पण तेही दर गुरुवारी तिच्या घरी नानची चळत पोचवायचे.

मी अराक शहरात, विद्यापीठात, चार वर्षं साहित्य शिकले आणि परत आले. नोकरी मिळाली नाही. गावचा कारभारी फरामर्ज आहे, त्याचे कागद लिहून देऊ लागले. संध्याकाळी ताऊस खालाकडे जायचे. ती माझ्याहून बावन्न वर्षांनी मोठी होती. मैत्रीण दुसरी नव्हती.

"चार वर्षं कविता शिकलीस," ती म्हणायची, "आणि चहा असा करतेस?"

तिच्या अंगणातून वरचा उतार दिसतो. तिच्या लग्नानंतर एका वर्षी मोठा पूर आला आणि वरच्या अर्ध्या विहिरी गाळाखाली गेल्या. तोंडांवरचे दगड, मग माती, मग झुडपं. जागा कुणालाच ठाऊक उरली नाही. पाणी येत राहिलं म्हणून कुणी शोधलीही नाही. जुना पाटकरी बारा वर्षांपूर्वी वारला आणि त्याच्याबरोबर त्याची माहिती गेली. पण हिवाळ्याच्या सकाळी ताऊस खाला चहा घेऊन अंगणात बसायची आणि मला दाखवायची. पांढऱ्या उतारावर काळपट ठिपके. खालची ऊब वर येते, म्हणून तिथलं बर्फ आधी वितळतं. ठिपक्यांवर वाफेचा एकेक धागा उभा असायचा.

"उठला," ती म्हणायची.

मग दोघी उताराकडे बघत बसायचो. कप गार व्हायचे. ऊन उतारावरून खाली यायचं आणि ठिपके हळूहळू सगळ्या डोंगरात मिसळून जायचे. मला कधी कधी खरंच वाटायचं की कुणीतरी तिथे कूस बदलली.

गेल्या वसंतात वरचा उतार शहरातल्या एका कंपनीने विकत घेतला. तारेचं कुंपण आलं. मग यंत्रं आली, जमीन सपाट करून गेली. शरद ऋतूत कंपनीचा माणूस शाळेत सभेला आला. त्याने रंगीत चित्रं भिंतीला लावली. चौसष्ट घरं, सुट्टीत येऊन राहणाऱ्या शहरी लोकांसाठी. प्रत्येक घराला शोषखड्डा. चार बोअर.

लोकांनी प्रश्न विचारले. शोषखड्ड्यातलं मुरून कुठे जाणार? बोअरने वरचं पाणी ओढलं तर खाली काय येणार? अक्रोडाची झाडं टाकीच्या पाण्यावर जगतात का? एका बाईने विचारलं की शहरातले लोक शुक्रवारी येऊन संडासला जाणार आणि आम्ही शनिवारी तेच पिणार का. लोक हसले. कंपनीचा माणूसही हसला. तो सभ्य होता. म्हणाला, नहरीच्या हद्दीत खोदायला कायद्याने बंदी आहे आणि कंपनी कायदा पाळते. पण सरकारी नकाशात नहरीची रेघ जुन्या मेंढवाड्याशी संपते. बाविसावी विहीर. त्याच्या वर रेघ कुठून जाते ते कुणी दाखवलं तर कंपनी तेवढी जागा सोडेल. पाणीखात्याचा मोजणीदार सहा आठवड्यांनी येणार आहे, त्याला दाखवा.

फरामर्जने विचारलं, कुणाला माहीत आहे?

"मला माहीत आहे," मागून ताऊस खाला म्हणाली.

कंपनीच्या माणसाने मान वाकवून विचारलं, "कशावरून, आई?"

"नवऱ्याचं अंग बायकोला माहीत नसेल तर कुणाला असणार?"

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. सगळ्यांनी खाली पाहिलं. फरामर्जचे कान लाल झाले. खालाचं वय झालंय, तो घाईने म्हणाला आणि पुढचा विषय काढला. गावाला लाज वाटली. शहरातल्या माणसासमोर आपण पाण्याला बायको करून देणारे लोक ठरू, ही लाज. सभेचं टिपण मी लिहीत होते. तिचं वाक्य मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओच्यात दगड घेऊन मेंढवाड्याकडे गेली. मी तिसऱ्या दिवशी गेले.

"टिपण संपलं?" तिने विचारलं. एवढंच.

तिचं काम असं चालायचं. एका जागी उभं राहायचं. खाली गावाकडे बघायचं. चिनाराचं झाड मशिदीच्या कोपऱ्याशी कधी येतं ते बघायचं. मग दोन पावलं डावीकडे, अर्धं पाऊल मागे. मग जमिनीवर आडवं पडून कान लावायचा. ऐकून झालं की पहिला दगड. थोडा वेळ थांबून दुसरा. पूर्ण खात्री झाली की तिसरा. तीन दगडांची उतरंड म्हणजे विहीर. चोविसाव्या जागी फरामर्जने तिच्या नकळत कुदळ चालवली. दोन हातांवर तोंडावरचा दगड लागला. त्याने माती परत लोटली आणि त्या दिवसापासून तिला वाटेत भेटला की आधी सलाम करू लागला.

दिवसाला एक, कधी दोन दिवसांत एक. ती दमायची. बसायची, वाळवलेल्या तुती खायची, मला एखादी कविता म्हणायला सांगायची आणि अर्ध्यात थांबवायची. "पुरे. ऐकू दे."

तेहतिसावी विहीर कुंपणाला लागून होती. पुढच्या आठ आत. आत यंत्रांनी सगळं सारखं केलं होतं. तिच्या खुणेचा रानबदाम नव्हता, खडक नव्हता. तारेतून तिने बराच वेळ आत पाहिलं. कान लावूनही उपयोग नाही म्हणाली, वर भर घातली आहे.

"बर्फ पडलं तर दिसेल," ती म्हणाली. "श्वास थोडाच थांबतो?"

मोजणीदार बुधवारी येणार होता. बर्फ सोमवारी पडलं. बोटभर. सकाळी तिने माझ्या खिडकीवर टकटक केली. गालांवर लाली, डोळ्यांत सुरमा. माहेराहून निघाल्यासारखी.

कुंपणाच्या फाटकाशी रखवालदार होता, यारमहंमद. अफगाण. त्याने कुठे निघालात म्हणून विचारलं.

"नवऱ्याकडे."

त्याने मोकळ्या उताराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आजी, इथे कुणाची कबर नाही."

"मेलाय कुठे तो?"

यारमहंमदने थोडा विचार केला. मग फाटक उघडलं. आमच्या गावाकडेही असे नवरे असतात म्हणाला, दिसत नाहीत पण असतात. माझी बायको माझ्याबद्दल हेच सांगते.

ती इतकी हसली की तिला कुंपणाचा खांब धरावा लागला.

आत पांढरं होतं. सगळं सारखं पांढरं, आवाज नसलेलं. गाव खाली धुक्यात बुडालं होतं, मशिदीचं टोक तेवढं वर. आणि उतारावर ठिपके उमटत होते. कागदावर तेल उमटावं तसे, कडा नसलेले. एक, त्याच्या वर दुसरा, जरा वाकडा तिसरा. मी मोजायला लागले, तिने माझा हात खाली केला.

ती चालत पहिल्या ठिपक्यावर गेली. सलाम केला. चौतिसावी. तीन दगड. पस्तिसावीवर वाफ होती, तिने त्यावर हात शेकले. छत्तिसावीपाशी काही पुटपुटली, ते मी ऐकलं नाही. सदतिसाव्या जागेला वेळ लागला. ऊन आलं होतं. मी दगड आणत होते आणि प्रत्येक खेपेला ठिपक्यांच्या कडा पसरलेल्या असायच्या. मी म्हणाले, खाला, घाई कर. ती म्हणाली, त्याला घाई आवडत नाही.

अडतिसाव्या जागी तिने पहिला दगड ठेवला. मग थांबली. दुसरा ठेवला. तोवर भोवतालचं बर्फ पातळ झालं होतं. ओली माती इथेही आणि तिथेही. ठिपका कुठे संपतो ते कळत नव्हतं. ती चारही बाजूंनी फिरली. खाली पडून कान लावला. उठली तेव्हा एका बाजूला चिखल होता, गालापासून कमरेपर्यंत.

मी तिसरा दगड पुढे केला.

"नको. खात्री नाही."

"खाला, जवळपासच असेल. हातभर इकडे तिकडे."

"हातभर चुकलं तर ती दुसऱ्याची विहीर," ती म्हणाली. "उद्या गारठा असेल. उरलेलं बर्फ सावलीत टिकेल. उद्या बघू."

उतरताना तिने माझा दंड धरला होता. तिचं वजन चिमणीएवढं लागलं. फाटकाशी यारमहंमदने नवरा भेटला का म्हणून विचारलं. अर्धा, ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी मी दार ढकललं. ते नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. ती अंथरुणात होती. बाहेर ऊन पडलं होतं आणि छपरांवरून पाणी ठिबकत होतं.

बुधवारी तिला पुरून आल्यावर मोजणीदार आला. तरुण होता. त्याने प्रत्येक उतरंडीपाशी यंत्र लावलं. फरामर्जने त्याला तीन जागा उकरून दाखवल्या, तिन्ही ठिकाणी विहीर लागली. रेघ कुणी आखली, त्याने विचारलं. फरामर्जने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाण्याच्या बायकोने." मोजणीदाराने ते लिहून घेतलं. हसला नाही.

अडतिसाव्या जागी त्याने दोन दगड पाहिले. हे काय, विचारलं. मी खरं सांगितलं.

त्याने सदतीस लिहिलं. तिथपर्यंत खोदायला बंदी. वरच्या चार विहिरी अनिश्चित, त्यांत आई-विहीर. पुरावा द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत. शनिवारपासून वरच्या अंगाला यंत्रं पुन्हा चालू झाली आहेत. आता बर्फ पडलं तरी ते उकरलेल्या मातीवर पडेल.

काल फरामर्ज आला होता. चहा न पिता उभाच राहिला. म्हणाला, पोरी, तू तिच्याबरोबर होतीस. तू सांगितलंस तर लोक मानतील. तिसरा दगड ठेव, वर आणखी तीन उतरंडी रच. तिथल्या भरीखाली कुदळ पोचत नाही, त्या मोजणीदाराला कोण सांगायला येणार आहे?

मी आज सकाळी वर गेले. यारमहंमदने काही न विचारता फाटक उघडलं. यंत्रं पलीकडे होती. मी अडतिसाव्या जागी आडवी पडले आणि कान लावला. बराच वेळ. यंत्रांची घरघर येत होती. खाली दुसरं काही होतं किंवा नव्हतं.

तिथे दोन दगड आहेत. तिसरा बाजूला पडला आहे, मी त्या दिवशी ठेवला तिथेच.