ललिताची दोन बोटं

पेठजवळच्या पाड्यावर केरू गुरुजींनी ललिताला बरंच शिकवलं, पण डोक्यात पक्कं बसलं ते एकच: "जे होतं ते भल्यासाठीच." सातवीनंतर शाळा सुटली, ती म्हणाली, बरं झालं, आईच्या हाताला हात लागेल. पावसाने भात वाहून नेलं आणि सगळं घर द्राक्षाच्या कामाला पिंपळगावला उतरलं; ती म्हणाली, बरं झालं, हायवे बघायला मिळाला. गारपिटीने बागा झोपल्या, महिनाभर काम नव्हतं. तेव्हाही तिने काहीतरी बरं शोधलंच. सोबतची चांगुणा म्हणायची, "हिचं घर जळालं तरी ही म्हणल, उजेड चांगला पडला."

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत, पॅकहाऊसमध्ये पेट्या वाहणाऱ्या पट्ट्याच्या रोलरने तिचा उजवा हात ओढला. दोन बोटं गेली. ललिता बावीस वर्षांची होती.

गुरुजी एसटीने दवाखान्यात आले. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "दोन गेली पोरी, पण हात राहिला. भल्यासाठीच."

ललिता हाताच्या पट्टीकडे बघत राहिली. "नाय गुरुजी. रोलरवर जाळी होती. साफसफाईला काढली, परत लावलीच नाय. म्हणून गेली बोटं. यात भलं कोणाचं?"

 गुरुजी सोबत आणलेली संत्री सोलू लागले आणि तिच्या डाव्या हातात एकेक फोड ठेवत राहिले.

वीस दिवसांनी ती पॅकहाऊसच्या गेटवर गेली. मुकादम वाल्मीक म्हणाला, "आता तुला काय काम देऊ, बाई?"

"काम नंतर. आधी जाळी लावा."

"अगं, ज्याचं त्याचं नशीब असतं."

"नशीब नट खोलत नाय, वाल्मीकभाऊ."

ती गेटसमोर बसली. आधी चांगुणा बाहेर आली, मग सिंधुबाई, दुपारपर्यंत तीसेक बाया. आत क्रेटमधली द्राक्षं उन्हाच्या झळीने मऊ पडायला लागली. मालक आधी ओरडला, मग त्याने हात जोडले, आणि चारच्या सुमारास वेल्डिंगवाल्याला घेऊन आला. जाळी बसल्यावर ललिताने डाव्या हाताने ती ओढून बघितली. हलली नाही, तेव्हा बाया आत गेल्या.

पुढच्या हंगामाला तिला बोलावणं आलं नाही. ती रडली, चिडली, आणि बरं झालं असं एकदाही म्हणाली नाही. मग दुसऱ्या पॅकहाऊसमध्ये वजनकाट्यावर लागली. तिथे पहिल्याच दिवशी पट्टा चालू करायला लावून ती टोकापासून टोकापर्यंत जाळ्या बघत फिरली. तिथला मुकादम हजेरीची वही उघडून ताटकळत होता.

"थांबा जरा," ती म्हणाली, "बघून झालं की नाव लिहा."