मेनूकार्ड न मागणारा माणूस

फ्रिस्कोहून वीकएंडला बायकोबरोबर न्यूयॉर्कला गेलो, तेव्हा बिस्त्रोंची, म्हणजे साध्या, घरगुती फ्रेंच खाणावळींची यादी ऑफिसात प्रिंट काढून नेली होती. शनिवारी दुपारी पहिल्याच बिस्त्रोत तो शेजारच्या टेबलावर दिसला. सत्तरीचा असावा, स्वेटर कोपरावर विरलेला. त्याने मेनूकार्ड मागितलं नाही, मालकिणीनेही दिलं नाही. न सांगताच कांद्याचं सूप आलं. शेवटी त्याने पावाच्या तुकड्याने वाडगा चक्क पुसून घेतला. मी काट्या-सुरीने ऑम्लेटशी झटत होतो. माझा नुसता जळफळाट झाला.

न राहवून विचारलं, "ही जागा कशी शोधलीत?"

"शोधली कुठे? दुसरीकडे जायचं सोडून दिलं, एवढंच."

व्हिसापायी सहा वर्षांत माझी तीन शहरं झाली होती. मला काय लागतं, हे एकाही हॉटेलात कुणाला ठाऊक नव्हतं.

"उद्याची लिस्ट कॅन्सल," मी बायकोला म्हणालो.

"इतक्या लांब येऊन पुन्हा तेच? काय यार."

रविवारी आम्ही तिथेच गेलो. त्याच्यापुढे सूप आलेलंच होतं. मी कालच्याच खुर्चीत ऐटीत बसलो. मालकीण हसत आली, माझ्यापुढे मेनूकार्ड ठेवलं आणि म्हणाली, "पहिल्यांदाच येताय का?"