एक्टमी म्हणजे काढून टाकणे

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा कशाशीही संबंध नाही त्यांनाही, कळविण्यात येते की आजपासून या ओट्यावर कुणाचं काहीही दुखणार नाही. डोकं दुखणार नाही, सांधे दुखणार नाहीत, पोट तर मुळीच नाही. दुखण्याचं अधिकृत नाव यापुढे 'अल्जिया' असं राहील. जी कोणी 'दुखतंय' म्हणेल, तिला उभं राहून दहा वेळा 'अल्जिया' म्हणावं लागेल. हुकमावरून.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या नव्या पोरी आल्या की मी हे निवेदन दवंडीवाल्याच्या आवाजात वाचतो. नांदेडातलं आमचं घर लहान, पण ओटा ऐसपैस. सकाळी साडेसातला दहा-बारा पोरी तिथं सतरंजीवर बसतात. कुणी कंधारची, कुणी मुखेडची, एखादी पार औशाकडची. सगळ्या मराठी शाळेत शिकलेल्या, आणि पहिल्याच वर्षी मांडीवर शरीराचं इंग्रजी पुस्तक पडलेलं. त्यातला एकेक शब्द मालगाडीएवढा. दिवसभर मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, तिथं मी गंभीर गृहस्थ असतो. ओट्यावर मात्र मी नट असतो.

माझी पद्धत अशी की मोठा शब्द दिसला की त्याला भ्यायचं नाही, शेंगेसारखा सोलायचा. पुढचा दाणा अवयव सांगतो, शेवटचा दाणा त्या अवयवाचं काय झालं ते सांगतो. 'गॅस्ट्रो' म्हणजे जठर, 'हेपॅटो' म्हणजे यकृत, 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड. शेवटी 'आयटिस' आलं तर सूज. सगळ्यांनी गाल फुगवायचे. 'ओमा' आलं तर गाठ. ओढणीला गाठ मारून दाखवायची. 'एक्टमी' आलं तर काढून टाकणं. पेनचं टोपण उपटायचं आणि ओट्याखाली भिरकावायचं. तास संपला की अंगणात टोपणं वेचण्याचा कार्यक्रम असतो.

शरीराची प्रमाण स्थिती शिकवायची म्हणून एकदा सगळ्यांना अंगणात ओळीनं उभं केलं. पाय जुळवलेले, नजर समोर, तळहात पुढं उघडे. समोरचे आजोबा दुधाची पिशवी घेऊन थांबले. "मास्तर, हा कोणता नवा पंथ काढला?" आणि रस्त्यानं चाललेल्या भाजीवालीनं शेवटच्या पोरीच्या उघड्या हातावर मेथीची जुडी ठेवली. "धर बाई, कोवळी हाय."

त्या वर्षी संक्रांतीनंतर माझी अक्का मुखेडकडच्या तिच्या खेड्यातून आली. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मेव्हणे जाऊन बरीच वर्षं झाली, शेत तीच बघते. शाळा दुसरीपर्यंत, तीही मला कडेवर घेऊन. चार दिवस राहते म्हणाली. ओट्याच्या दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, ती सकाळी सूप घेऊन तूर निवडत बसायची. पोरींना ती दिसायची नाही. फक्त सुपाचा आवाज यायचा आणि मधूनच तिची खुसखुस.

दोन दिवसांत तिची जीभ आमच्या शब्दांवर बसली. बायकोनं तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली, तर अक्का म्हणाली, "भाकरीला आयटिस झालं बघ." दोडक्याच्या शिरा काढताना म्हणायची, "थांब, एक्टमी करायले." उठताना गुडघा धरून मला बजावायची, "मास्तर, मी दुखतंय म्हनलं न्हाई हं. अल्जिया म्हनलं." मी हे सगळं कॉलेजात रंगवून सांगितलं. दुसरी शिकलेली माझी बहीण आमच्या बारावीच्या पोरांपेक्षा हुशार आहे, हे सांगताना मला काय चेव आला होता! त्या हुशारीचा अर्थ काय होतो, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. माझ्याकडं पाठ करून, भांडं घासता घासता म्हणाली, "अक्कांना छातीत गाठ आहे. डावीकडं. लिंबाएवढी. वर्षभर कुणाला दाखवली नाही. आज न्हाताना मला हात लावायला लावला."

मग तपासण्या सुरू झाल्या. सुईनं काढलेला गाठीचा तुकडा तपासायला लातूरला गेला. तो अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस मी ओट्यावर जास्तच नाटकं केली. पोरी हसून हसून लोळायच्या. आतून सुपाचा आवाज यायचा.

अक्काचं एक पक्कं होतं. तिच्या थोरल्या जावेला अशीच गाठ झाली होती. तिला लातूरला नेऊन कापलं, आणि वर्षाच्या आत ती गेली. जाऊ आली होती फार उशिरा, हे अक्काला कोण सांगणार! तिच्या लेखी जावेला दुखण्यानं नाही, चाकूनं नेलं. गाठ उघड झाली त्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "माझ्या अंगाला चाकू लावायचं नाव काढलास तर मी मुखेडची एष्टी धरणार. मागं वळून बघणार न्हाई." आणि अक्का बोलली की करते.

आमच्याकडं एक रीत आहे. घरात कुणी आजारी पडलं की सगळ्या भावकीला कळतं, शेजाऱ्यांना कळतं, दूधवाल्याला कळतं. कळत नाही ते फक्त आजारी माणसाला. त्याला सांगायचं, 'गॅस हाय', 'उष्णता हाय', 'अशक्तपणा हाय.' माझ्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत 'उष्णता हाय' म्हणून सांगितलं आणि सब्जा पाजत राहिलो. ही रीत मीही पाळली. भावकीतल्या इतरांहून माझ्याकडं एक हत्यार जास्त होतं. माझ्याकडं ते शब्द होते.

म्हणून अहवाल घेऊन जाण्याआधी मी अक्काला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "मॅडम, पेशंटसमोर मराठीत काही बोलू नका. आपल्या भाषेत बोलू."

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आपली भाषा कोणती?"

पण त्यांनी माझं ऐकलं. अक्का खुर्चीत पदर सावरून बसली. भिंतीवर चिरलेल्या माणसाचा तक्ता होता, तिकडं तोंड करून. बाईंनी अक्काच्या छातीच्या डाव्या बाजूकडं हलकेच हात केला आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "कार्सिनोमा." मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मास्टेक्टमी. इमिजिएटली." मी पुन्हा मान हलवली, एखाद्या मोठ्या परिषदेत बसल्यासारखी. अक्काच्या डोक्यावरून आम्ही दोघं बोललो आणि मला मनातल्या मनात स्वतःचं कौतुकही वाटलं. काय पडदा धरलाय!

अक्का बायकोबरोबर बाहेर गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. "मंगळवारी भरती करू. गाठ अजून आवाक्यात आहे. पण एक सांगते. सही किंवा अंगठा त्यांचा लागेल, आणि काय काढणार आहोत हे त्यांना कळल्याशिवाय मी तो घेणार नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"मी सांगतो," मी म्हणालो. "शिकवणं हाच माझा धंदा आहे."

घरी येताना रिक्षात अक्कानं विचारलं, "काय म्हनली बाई?"

"बारीक गाठ आहे. मंगळवारी सुईनंच काढतील आणि घरी."

"हाव?" एवढंच म्हणून ती रस्ता बघत बसली.

त्या दिवसापासून मी रोज तिला सांगायला निघालो. बुधवारी चहा घेऊन तिच्याजवळ बसलो आणि तुरीच्या भावावर बोललो. गुरुवारी तिला नदीकडं फिरायला नेलं, तिथं घाटाच्या पायऱ्या मोजून आलो. शुक्रवारी बायको म्हणाली, "तुम्हाला होत नाही, मी बोलते," तर मी तिच्यावर ओरडलो. गेली वीस वर्षं मी परक्या पोरींना शरीरातला एकेक अवयव त्याच्या नावानं, न लाजता सांगतो. लाजायचं नाही, लाजलात तर पेशंट मरेल, हे माझं आवडतं वाक्य. आणि जिनं मला कडेवर वाढवलं तिच्यासमोर तो एक शब्द उच्चारायची मला लाज वाटत होती. त्याच्या पलीकडं मला दुसरीच भीती होती. कळलं की ती पिशवी भरणार. मी सांगितलं म्हणून ती गेली, आणि गेली म्हणून ती संपली, तर?

मला एक दिसायला हवं होतं. डॉक्टरांकडून आल्यापासून अक्का आमचे शब्द बोलतच नव्हती. भाकरी फुगत होत्या, दोडक्याच्या शिरा निघत होत्या, ती गप्प होती. मला वाटलं, थकली असेल.

सोमवार उजाडला. दुसऱ्या दिवशी भरती. मी ठरवलं, आज तास संपला की सांगायचंच. पोरींची चाचणी जवळ आली होती, म्हणून अवयवांच्या शब्दांची यादी अक्षरांच्या क्रमानं घेत होतो. 'लॅपॅरो म्हणजे पोटाची भिंत,' मी म्हणालो, आणि पुढच्या ओळीवर नजर पडताच पान उलटलं. "नेफ्रो. मूत्रपिंड. लिहा."

कंधारची एक पोरगी आहे, पुस्तक चार रंगांत रंगवून आणणारी. ती म्हणाली, "सर, मधलं 'मास्ट' राहिलं की."

"ते परीक्षेला येत नाही."

"मागल्या साली आलं होतं, सर. मास्टेक्टमी. पाच मार्काला."

"म्हटलं ना येत नाही!"

पोरी दचकल्या. ओट्यावर मी कधी आवाज चढवलेला नव्हता. एकीनं टोपण उपटायला पेन हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं. मी रुमालानं कपाळ पुसलं. थंडीचे दिवस, तरी गळ्यापर्यंत घाम. पोरगी हळू आवाजात म्हणाली, "सर, नुसता अर्थ तरी सांगा ना."

मी पुन्हा रुमालानं मान पुसली. आतला सुपाचा आवाज थांबला. मग अक्का उंबऱ्याबाहेर आली. पदराला तुरीची फोलं चिकटलेली. इतक्या दिवसांत पोरी तिला पहिल्यांदाच बघत होत्या. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. त्या पोरीच्या वहीकडं बोट करून ती समोरच्या आजोबांच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली:

"लिव्ह गं पोरी! मास्ट म्हंजी थान. उद्या मी चाकूला न भिता तेच काढून घ्यायला चाललेय, अन् हा बैल आठ दिस झालं नुसता घाम पुसायलाय!"